शिकागो–ऑरोरा विजेची गाडी भर दुपारी का थांबली?

प्रश्न थोडक्यात असा आहे. शिकागोच्या पश्चिमेला व्हीटनमध्ये राहणारं एक मराठी कुटुंब संध्याकाळी इलिनॉय प्रेअरी पाथवर चालायला जातं. शेजारच्या आजोबांनी त्यांना सांगितलं, की या वाटेवरून पूर्वी विजेची गाडी जायची आणि 1957 साली एका दुपारी ती बंद झाली. सकाळी त्याच गाडीने शहरात कामाला गेलेले लोक तिकडेच अडकले. हे खरं का? मोटारी आल्या म्हणूनच ना? का मोटार कंपन्यांनी मुद्दाम बंद पाडली? आणि तसं असेल तर त्याच काळातली साउथ शोअर ही शिकागोचीच विजेची गाडी अजून कशी धावते? आणि आज बघण्यासारखं काय उरलंय?

दुपारची गोष्ट अगदी खरी आहे. मोटारीचं कारण खरं, पण अर्धं. कारस्थान म्हणाल तर या गाडीपुरतं तरी नाही. साउथ शोअरबद्दल सावकाश सांगतो, कारण खरं उत्तर तिच्यातच दडलंय.

माझ्याबद्दल एवढंच, की आधी मध्य रेल्वेत ओएचई (रुळांवरच्या वीजतारा) आणि सबस्टेशनच्या कामात उमेदीची वर्षं गेली, नंतर इकडे येऊन उपनगरी रेल्वेच्या वीजपुरवठ्याची कामं केली. त्यामुळे जुन्या गाड्यांचे फोटो पाहून हळहळणं मला फारसं जमत नाही. गाडी चालवायला काय लागतं आणि तो पैसा कुठून येतो, हे आधी बघायची सवय आहे.

गाडीचं नाव शिकागो, ऑरोरा अँड एल्जिन. लोक लाडाने 'रोअरिंग एल्जिन' म्हणायचे. अमेरिकेत अशा गाड्यांना इंटरअर्बन म्हणत. रस्त्यावरच्या ट्रामपेक्षा जड आणि वेगवान, वाफेच्या मुख्य रेल्वेपेक्षा हलकी, गावोगाव थांबत शहरात शिरणारी ही विजेची गाडी. पहिल्या महायुद्धाच्या सुमाराला अमेरिकेत अशा मार्गांचं जाळं सुमारे 25 हजार किलोमीटरवर गेलं होतं. 1940 उजाडेपर्यंत त्यातलं बहुतेक संपलंही होतं. मक्याच्या शेतांमधून दोन छोट्या गावांना जोडणारी लाइन फोर्डच्या पहिल्याच फटक्यात गेली, आणि तिथे मोटारीला दोष द्या, माझी काही हरकत नाही. शिकागोभोवतीच्या तीन लाइन मात्र उरल्या. उत्तरेला मिल्वॉकीपर्यंत जाणारी नॉर्थ शोअर, पश्चिमेला आपली ऑरोरा–एल्जिन, आग्नेयेला इंडियानात साउथ बेंडपर्यंत जाणारी साउथ शोअर. 1920 च्या दशकात तिन्ही सॅम्युएल इन्सल या एकाच वीजसम्राटाच्या हातात होत्या. 1930 च्या मंदीत त्याचं साम्राज्य कोसळलं, तेव्हा तिघींचीही दिवाळखोरी झाली. शहर एक, मालक एक, संकटही एक, आणि शेवट मात्र तिघींचे वेगळे. असा आयता पडताळा सहसा हाती लागत नाही.

ऑरोरा–एल्जिन 1902 मध्ये सुरू झाली. 600 व्होल्ट डीसी, आणि तारेऐवजी बाजूचा तिसरा रूळ. डब्याच्या बोगीला, म्हणजे चाकांच्या चौकटीला, लावलेला लोखंडी 'शू' या रुळावरून घासत वीज उचलायचा. आपल्याकडे मेट्रोत काही ठिकाणी थर्ड रेल आली आहे, पण ती बंदिस्त मार्गावर आणि आच्छादनाखाली. इथे हा रूळ उघड्यावर, शेतांतून, गावांतून, फाटकांवरून धावत होता. अर्थात, फाटकावरून नेमका धावत नव्हता. रस्ता आला की तिसरा रूळ अलीकडे संपायचा, जमिनीखालून केबल जायची आणि पलीकडे रूळ पुन्हा सुरू व्हायचा. गाडी त्या मोकळ्या अंतरावरून वेगाच्या जोरावर निघून जायची. लांब गाडीचे पुढचे शू पलीकडच्या रुळावर चढेपर्यंत मागचे अलीकडच्या रुळावर असायचे, त्यामुळे तिला काही वाटायचं नाही. एकटा डबा नेमका त्या जागी थांबला तर मात्र अडकला. पाऊस गोठून रुळावर बर्फाचा पापुद्रा बसला की शू आणि रूळ यांच्यात निळे लोळ उठायचे. थर्ड रेलवर काम केलेला कोणीही हे वर्णन करताना आधी जरा दचकतो आणि मग खुलतो.

600 व्होल्टचं गणित पुढे लागणार आहे, म्हणून आत्ताच मांडतो. समजा चार डब्यांची गाडी आहे, डब्याला चार मोटारी आणि मोटार 125 अश्वशक्तीची. एकूण 2000 अश्वशक्ती झाली, म्हणजे साधारण दीड मेगावॅट. 600 व्होल्टला ही ताकद ओढायला अडीच हजार अँपिअर लागतात. तीच गाडी 1500 व्होल्टवर असती तर हजार अँपिअरमध्ये भागलं असतं. प्रवाह जास्त म्हणजे वाटेत व्होल्टेज जास्त पडणार, म्हणून सबस्टेशनं जवळजवळ हवीत. त्या काळी सबस्टेशन म्हणजे एसीचं डीसी करणारं भलंमोठं रोटरी कन्व्हर्टर आणि त्याच्यावर लक्ष ठेवणारी माणसं. आणि हा सगळा पसारा कशासाठी? सकाळचे दोन-अडीच तास आणि संध्याकाळचे तेवढेच. बाकी दिवसभर डबे यार्डात, माणसं पगारावर. उपनगरी रेल्वेचं हे दुखणं जगभर सारखंच आहे. तिकिटातून हे भागत नाही. कोणाच्या तरी खिशातून फरक भरून निघावा लागतो.

दुसऱ्या महायुद्धात पेट्रोल आणि टायर रेशनवर होते, तेव्हा गाडी भरभरून चालली. 1945 मध्ये सेंट लुइस कार कंपनीकडून दहा नवे पोलादी डबे आले. 1946 मध्ये कंपनी दिवाळखोरीतून बाहेरही पडली. त्याच वेळी रुळांवर 1902 सालचे लाकडी डबेही धावत होते, आणि त्यातले काही शेवटपर्यंत धावले. म्हणजे परिस्थिती तंगीची होती, पण मरणपंथाला लागलेली नव्हती. शिकागोची पश्चिम उपनगरं वाढत होती, म्हणजे गिऱ्हाईक वाढत होतं. मोटारीमुळेच गाडी गेली म्हणणाऱ्यांनी हे लक्षात घ्यायला हवं. तिच्याच शेजारून, काही ठिकाणी अगदी हाकेच्या अंतरावरून, शिकागो अँड नॉर्थवेस्टर्नची गाडी त्याच एल्महर्स्ट, लोम्बार्ड, ग्लेन एलिन, व्हीटनचे लोक शहरात नेत होती आणि आजही नेते. तुम्ही रोज पकडता ती मेट्रा या उपनगरी रेल्वेची युनियन पॅसिफिक वेस्ट लाइन तीच. मोटारी तिच्याही गिऱ्हाइकांकडे होत्या.

मग फरक कुठे पडला? शेवटच्या पंधरा किलोमीटरमध्ये.

ऑरोरा–एल्जिनचे स्वतःचे रूळ शहराच्या हद्दीजवळ संपत. तिथून पुढे ती शिकागोच्या उंचावरच्या 'एल' रेल्वेच्या गारफिल्ड पार्क मार्गावरून जायची आणि थेट लूपच्या, म्हणजे शहराच्या मध्यवर्ती व्यापारी भागाच्या, कडेला वेल्स स्ट्रीट टर्मिनसला उतरवायची. ऑफिस तिथून पायी दोन-चार मिनिटांवर. 1905 पासूनची ही सोय म्हणजे या गाडीची सगळी पुण्याई होती. पण ते रूळ तिचे नव्हते. ती तिथे भाडेकरू होती. 1947 मध्ये 'एल'ची मालकी शिकागो ट्रान्झिट ऑथॉरिटीकडे, म्हणजे सीटीएकडे आली. आणि नेमक्या त्याच पट्ट्यातून शहर, काउंटी आणि राज्य मिळून काँग्रेस स्ट्रीट एक्सप्रेसवे काढत होते. आजचा आयझेनहावर, तुमचा रोजचा आय-290.

रस्त्याच्या वाटेत गारफिल्ड पार्क 'एल'चे खांब येत होते. रस्त्याच्या मधोमध नवीन जलद रेल्वेमार्ग करायचा बेत होता, आणि तो चांगलाच होता. पण तो होईपर्यंत जुनी 'एल' पाडून तिच्या गाड्या व्हॅन ब्यूरेन स्ट्रीटवर जमिनीवरच्या तात्पुरत्या रुळांवरून न्यायच्या असं ठरलं. आडव्या रस्त्यांच्या सिग्नलला थांबत, रांगत. सीटीएच्या गाड्यांना ते चालवून घ्यावंच लागलं. ऑरोरा–एल्जिनने हिशेब केला आणि नको म्हटलं. गर्दीच्या वेळी तिच्या लांब गाड्या त्या रुळांवर अडकल्या असत्या आणि पूर्ण लाइनचं टाइमटेबल कोलमडलं असतं. हा हिशेब मला चुकीचा वाटत नाही. 20 सप्टेंबर 1953 पासून तिच्या गाड्या फॉरेस्ट पार्कमधल्या डेस प्लेन्स अॅव्हेन्यूला थांबायला लागल्या. तिथे उतरायचं, सीटीएची गाडी पकडायची आणि त्याच व्हॅन ब्यूरेनवरून रांगत शहरात जायचं.

डोंबिवली-बदलापूरकडच्या वाचकांसाठी सांगायचं तर उद्या ठरलं, की मध्य रेल्वेच्या सगळ्या लोकल कुर्ल्यालाच संपतील, पुढे सीएसएमटीपर्यंत दुसऱ्याच संस्थेची, सिग्नल-सिग्नलला थांबणारी गाडी घ्या. आणि शेजारच्या फलाटावरून तिसऱ्या कंपनीची थेट सीएसएमटी लोकल सुटते आहे. तुम्ही काय कराल? व्हीटनच्या लोकांनी तेच केलं. काही महिन्यांतच जवळपास निम्मे प्रवासी गेले, आणि त्यातले बरेचसे मोटारीकडे नाही तर शेजारच्या नॉर्थवेस्टर्नकडे गेले. ऑरोराच्या लोकांना बर्लिंग्टन रेल्वे होतीच. तिने तर 1950 पासून चकचकीत स्टेनलेस स्टीलचे दुमजली डबे आणले होते.

प्रवासी संख्येचा अंदाज बांधताना आम्ही गाडी बदलण्याला घड्याळातल्यापेक्षा जास्त मिनिटं लावतो. कारण पाच मिनिटांची बदली माणसाला पाच मिनिटांची वाटत नाही. बसायला मिळालेली जागा सोडायची, थंडीत फलाटावर उभं राहायचं, पुढची गाडी येईल की नाही याची धाकधूक, हे सगळं त्यात येतं. शिकागोच्या जानेवारीत उघड्या फलाटावर गाडीची वाट पाहणाऱ्याला हे कोणी शिकवावं लागत नाही. शेजारी थेट गाडी नसती तर लोकांनी कुरकुरत का होईना बदली सोसली असती. थेट गाडी असताना कोण सोसेल?

खर्च मात्र निम्मा झाला नाही. तेवढीच सबस्टेशनं, तेवढाच तिसरा रूळ, तेवढीच फाटकं. शेवटचे पंधरा किलोमीटर वाचले, पण ते तसेही बहुतेक दुसऱ्याच्या रुळांवरचे. रेल्वेत प्रवासी निम्मे झाले की खर्च थोडासाच कमी होतो, आणि तोही उशिरा. इथून पुढची चार वर्षं सरळ उतरणीची.

एक गोष्ट मला आजही खुपते. रस्ता झाला तो सरकारी पैशातून, सरकारी जमिनीवर. रेल्वे खासगी, तिने आपल्या रुळांखालच्या जमिनीचाही मालमत्ता कर भरायचा आणि त्याच पैशातून रस्त्याशी स्पर्धा करायची. रस्ता बांधणाऱ्यांनी वाटेतल्या घरांना मोबदला दिला. पण हजारो लोकांची थेट गाडी तुटली तर तिची सोय कोणी लावायची, हा प्रश्न कोणाच्याच टेबलावर नव्हता. सीटीएकडे बोट दाखवणं सोपं आहे, पण तिलाही तेव्हा सगळा कारभार भाड्याच्या उत्पन्नातूनच चालवावा लागे. शहराच्या बाहेरच्या तोट्यातल्या लाइनची जबाबदारी ती कुठून घेणार?

कंपनीने प्रवासी वाहतूक बंद करायची परवानगी मागितली. लाइन पूर्णपणे इलिनॉय राज्यातली, म्हणून विषय राज्याच्या वाणिज्य आयोगाकडे. गावांनी विरोध केला, प्रकरण न्यायालयात गेलं, स्थगिती आली. 3 जुलै 1957 हा बुधवार होता, दुसऱ्या दिवशी स्वातंत्र्यदिनाची सुट्टी. दुपारी न्यायालयाचा अडथळा दूर झाल्याचं कळलं आणि कंपनीने लगेच, 12 वाजून 13 मिनिटांनी, प्रवासी गाड्या थांबवायचा हुकूम दिला.

चालवणाऱ्याच्या बाजूने बघा, वेळ सोयीची होती. दुपारी बाराला सकाळची गर्दी संपलेली असते, बहुतेक डबे व्हीटनच्या यार्डात येऊन उभे असतात, लाइनवर मोजक्याच गाड्या. त्या आपापल्या जागी नेऊन लावल्या की झालं. संध्याकाळच्या गर्दीत हाच हुकूम सुटला असता तर गाड्याच मध्येच अडकल्या असत्या. पण सकाळी हजारो माणसं याच गाडीने गेली होती. त्यांना संध्याकाळी फॉरेस्ट पार्कला आल्यावर कळलं, की पुढे गाडी नाही. महिन्याची तीन तारीख, म्हणजे मासिक तिकिटं नुकतीच काढलेली असणार. कोणी टॅक्सी केली, कोणी घरी फोन करून मोटार मागवली, कोणी ओळखीच्याच्या गाडीत कोंबून घेतलं.

एवढी घाई का? माझा तर्क असा, की संध्याकाळपर्यंत थांबलं तर गावांचे वकील दुसरी स्थगिती आणतील, ही भीती. एकदा गाडी थांबली की न्यायालयाला ती 'चालू ठेवा' म्हणता येत नाही, 'पुन्हा सुरू करा' म्हणावं लागतं, आणि या दोन आदेशांत फार अंतर आहे. कायद्याने ते बरोबर असेल. माणूस म्हणून बरोबर नव्हतं. आमच्या धंद्यात एक अलिखित नियम आहे, की सकाळी नेलेला प्रवासी संध्याकाळी परत आणायचा. मुंबईत 26 जुलैच्या पावसात रुळांवर पाणी असतानाही कंट्रोलमधली माणसं तेवढ्या एका गोष्टीसाठी झगडत होती.

यापुढचा भाग फारसा कोणी सांगत नाही, आणि मला तो सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. प्रवासी गाड्या थांबल्या तरी लाइन बंद झाली नव्हती. मालगाड्या 1959 पर्यंत चालल्या, त्याच तिसऱ्या रुळावर, विजेच्या इंजिनांनी. म्हणजे वीज चालू, सबस्टेशनं चालू, रूळ जागेवर, डबे व्हीटनला उभे. शिवाय 22 जून 1958 ला एक्सप्रेसवेच्या मधोमधची नवीन काँग्रेस लाइन सुरू झाली, जी आज ब्लू लाइनची फॉरेस्ट पार्क शाखा आहे. ज्या रांगत्या तात्पुरत्या रुळांनी प्रवासी पळवले, ते वर्षभरात गेले. फॉरेस्ट पार्कला उतरून वेगवान गाडी मिळाली असती. गाडी पुन्हा सुरू करता येणं शक्य होतं, आणि प्रयत्न झालेही.

जमलं नाही, त्याला दोन कारणं. पहिलं, थेट लूपमध्ये जायची वाट कायमची गेली होती. नवीन लाइन डिअरबॉर्नच्या भुयारात शिरत होती आणि वेल्स स्ट्रीट टर्मिनसची उंचावरची जुनी जोडणी वॅकर ड्राइव्हच्या कामात मोडली होती. दुसरं, विकत घेणारं कोणीच नव्हतं. तोटा सोसून उपनगरी गाडी चालवणारी सरकारी यंत्रणा तेव्हा इलिनॉयमध्ये अस्तित्वातच नव्हती. रीजनल ट्रान्सपोर्टेशन ऑथॉरिटी आली 1974 मध्ये, सतरा वर्षांनी. 1961 मध्ये लाइन अधिकृतपणे मोडीत निघाली आणि रूळ उचलले गेले.

कारस्थानाबद्दल दोन वाक्यं. जनरल मोटर्स आणि इतर कंपन्यांच्या पैशावर नॅशनल सिटी लाइन्स नावाची कंपनी शहरी ट्राम विकत घेऊन तिथे बस आणायची, हे खरं. 1949 मध्ये जनरल मोटर्स आणि तिच्या साथीदारांना आपल्या बस आणि माल नॅशनल सिटी लाइन्सच्या हाताखालच्या कंपन्यांच्या गळ्यात मारण्याच्या कटाबद्दल दोषीही धरलं गेलं आणि जनरल मोटर्सला दंड झाला जेमतेम पाच हजार डॉलर. पण ऑरोरा–एल्जिन नॅशनल सिटी लाइन्सच्या हातात कधीच नव्हती. तिला बस कंपनीने नाही, तर एका चांगल्या हेतूने आखलेल्या रस्त्याने आणि कोणीच जबाबदार नसलेल्या कारभाराने घालवलं. खलनायक सापडला असता तर गोष्ट जास्त रंगली असती, हे मान्य.

आता इतर दोघी. कोणी म्हणेल, थेट वाट तुटली म्हणून गाडी गेली म्हणता, मग नॉर्थ शोअर का गेली? प्रश्न योग्य आहे, आणि इथे माझा पहिला मुद्दा एकटा पुरत नाही. नॉर्थ शोअर शेवटच्या दिवसापर्यंत 'एल'वरून थेट लूपमध्ये जात होती. 1941 मध्ये तिने 'इलेक्ट्रोलायनर' नावाच्या दोन सुरेख गाड्या आणल्या होत्या. वेग ताशी 130 किलोमीटरच्या वर, आत उपाहारगृह, आणि तिथे 'इलेक्ट्रोबर्गर' मिळायचा. तरीही किनाऱ्याने जाणारा जुना मार्ग 1955 मध्ये बंद झाला आणि उरलेली लाइन 21 जानेवारी 1963 च्या पहाटे, कडाक्याच्या थंडीत. तिचा मालक होता सस्क्वेहाना कॉर्पोरेशन, इतर कंपन्यांची मालकी हातात ठेवणारी होल्डिंग कंपनी. अशा मालकाला रेल्वे चालू असण्यापेक्षा मोडीत काढलेली जास्त फायद्याची, कारण तो तोटा करातून वजा होतो. समांतर एडन्स एक्सप्रेसवे 1951 पासून होता, 1960 मध्ये नॉर्थवेस्ट एक्सप्रेसवेही आला. प्रवाशांच्या संघटनेने वर्षानुवर्षं लढा दिला, पण लाइन ताब्यात घ्यायला तिथेही कोणी पुढे आलं नाही.

एक तुकडा मात्र वाचला. सीटीएने नॉर्थ शोअरचा हॉवर्ड ते डेम्पस्टर हा भाग घेतला, केंद्र सरकारच्या प्रात्यक्षिक अनुदानाची जोड मिळवली आणि 20 एप्रिल 1964 ला 'स्कोकी स्विफ्ट' सुरू केली. अपेक्षेपेक्षा कितीतरी जास्त लोक आले. तीच आजची यलो लाइन. जाता जाता, मुंबईची शेवटची ट्राम 31 मार्च 1964 ला धावली, म्हणजे वीस दिवस आधी. महिन्याभराच्या आत मुंबईने ट्रामचे रूळ सोडले आणि शिकागोने सोडलेल्यातले थोडे परत उचलले.

आणि साउथ शोअर. तिचीही वाट दुसऱ्याच्या रुळांवरून शहरात जाते, पण तिची घरमालकीण इलिनॉय सेंट्रल रेल्वे होती. सरोवराच्या काठाने स्वतःच्या रुंद पट्ट्यातून जाणारी, 1926 मध्ये 1500 व्होल्ट डीसीवर विद्युतीकरण झालेली. त्याच वर्षी साउथ शोअरने आपली 6600 व्होल्ट एसी प्रणाली काढून 1500 व्होल्ट डीसी बसवली आणि थेट रँडॉल्फ स्ट्रीटपर्यंत जायला लागली. त्या पट्ट्यातून कोणी एक्सप्रेसवे काढला नाही. आपल्याला हा आकडा ओळखीचा आहे. मुंबईत 3 फेब्रुवारी 1925 ला व्हीटी–कुर्ला पहिली विजेची लोकल धावली, ती 1500 व्होल्ट डीसीवरच. आपण 2016 पर्यंत टप्प्याटप्प्याने 25 हजार व्होल्ट एसीवर गेलो. साउथ शोअर अजून 1500 वरच आहे, आणि तिच्या सबस्टेशनमध्ये पहिल्यांदा पाऊल टाकलं तेव्हा जुन्या कल्याणच्या आठवणीने मला बरं वाटलं होतं.

तिच्याकडे आणखी एक गोष्ट होती, मालवाहतूक. इंडियानातले पोलाद कारखाने, कोळसा. रूळ आणि वीज यांचा बराच भार मालगाड्या उचलायच्या. 1967 मध्ये चेसापीक अँड ओहायो रेल्वेने तिला विकत घेतलं ते त्याच मालासाठी. 1976 मध्ये नव्या मालकानेही प्रवासी गाड्या बंद करायचा अर्ज केला, अगदी ऑरोरा–एल्जिनसारखाच. पण आता वर्ष 1976 होतं. सार्वजनिक वाहतुकीला केंद्राचा पैसा मिळायला लागला होता, आणि 1977 मध्ये इंडियानातल्या चार काउंटींनी मिळून स्वतःची यंत्रणा उभी केली. 1982 मध्ये नवे डबे आले. मिशिगन सिटीत ती भर रस्त्यातून, घरांच्या दारांसमोरून जायची, ते रूळ 2022 मध्ये काढले. 2024 मध्ये तिथून दुहेरी मार्ग सुरू झाला.

म्हणून माझं उत्तर असं. ऑरोरा–एल्जिनला थेट वाट राहिली नाही आणि तोटा सोसणारं कोणी मिळालं नाही. नॉर्थ शोअरला वाट होती, पण सोसणारं कोणी नव्हतं, म्हणून ती साडेपाच वर्षं जास्त टिकली आणि मग गेली. साउथ शोअरची वाट शाबूत राहिली आणि माल संपण्याआधी सरकार आलं. मोटारी तिन्हींच्या प्रवाशांकडे सारख्याच होत्या.

उरलेलं काय बघायचं, हेही विचारलंय. प्रेअरी पाथ ही जागा वाचली ती मे थीलगार्ड वॉट्स या निसर्ग अभ्यासक बाईंमुळे. 1963 मध्ये त्यांनी शिकागो ट्रिब्यूनला पत्र लिहिलं, की बुलडोझर यायच्या आत इथे पायवाट करा. रेल्वेची पायवाट करायची कल्पना तेव्हा अमेरिकेत जवळजवळ नवीन होती. व्हीटनला वाट दुभंगते, एक ऑरोराकडे, एक एल्जिनकडे, ते याच रेल्वेचं जंक्शन. पुढच्या वेळी चालताना चढ किती हलका आहे ते बघा, आणि वळणं किती लांबट. ती पायी चालणाऱ्यांसाठी आखलेली नाहीत. व्हिला पार्कला व्हिला अॅव्हेन्यूचं जुनं स्टेशन उभं आहे, तिथे गावाचं छोटं संग्रहालय आहे. अर्डमोर अॅव्हेन्यूचं स्टेशनही आहे. साउथ एल्जिनच्या फॉक्स रिव्हर ट्रॉली म्युझियममध्ये 1902 सालचा 20 नंबरचा लाकडी डबा आहे आणि तो अजून चालतो. मुलांना घेऊन जा, त्यात बसवा. युनियन गावातल्या इलिनॉय रेल्वे म्युझियममध्ये ऑरोरा–एल्जिनचे आणखी डबे आणि एक इलेक्ट्रोलायनर बघायला मिळेल, पण त्याला पूर्ण दिवस काढा. दोन्हीकडे थंडीत गाड्या नियमित चालत नाहीत, तेव्हा मे ते सप्टेंबरमधला शनिवार-रविवार धरा आणि निघण्याआधी वेळापत्रक बघून घ्या.